तीन वेळा निगेटिव्ह: एका बरणीचं प्रकरण

दरवर्षी मार्चअखेर आमच्या पॅथॉलॉजी विभागाकडून एक तक्ता मागवला जातो. किती शोधनिबंध छापून आले, मॅपकॉन परिषदेत कुणाच्या पोस्टरला बक्षीस मिळालं, किती पीजींचे (पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे) प्रबंध विद्यापीठाने स्वीकारले, नवं यंत्र कोणतं आलं. 'संशोधन व यश' असं त्या रकान्याचं नाव. तक्ता भरायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहे आणि मी ते बिनबोभाट करते. यंदा मात्र ज्या गोष्टीने अख्खा विभाग हलला, ती कुठल्याच रकान्यात बसेना. ती एक प्लॅस्टिकची बरणी होती. म्हणून ते प्रकरण इथे सविस्तर लिहून ठेवते. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, रुग्णालयांची नावं देत नाही. चुकीचा रिपोर्ट माझ्या सहीने गेला होता, तेवढं बदललेलं नाही.

बरणी

पावसाळ्यातला सोमवार, सकाळचे साडेअकरा. सॅम्पल घ्यायच्या खिडकीशी तिशीतला एक मुलगा कापडी पिशवी पोटाशी धरून उभा होता. पिशवीत किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटं ठेवतात तसली तांबड्या झाकणाची बरणी, आणि बरणीत त्याच्या आईचा काढलेला स्तन, काखेतल्या गाठींसकट. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्याच्या गावी, छोट्या खासगी रुग्णालयात शनिवारी दुपारी ऑपरेशन झालेलं. रविवारी आमची खिडकी बंद, म्हणून तो सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने निघाला होता.

बरणीचं तोंड लहान आणि ऐवज मोठा, त्यामुळे कोंबून घातलेला. फॉर्मॅलिन म्हणजे काढलेला अवयव टिकवायचं द्रावण, त्यात मांस घट्ट होत जातं. दोन रात्रींत त्याने बरणीचाच आकार घेतला होता आणि आता ते तोंडातून बाहेर निघेना. शेवटी आमच्या मामांनी (विभागात सगळे त्यांना मामाच म्हणतात, हजेरीपटावरचं नाव फक्त क्लार्कला ठाऊक) हॅक्सॉच्या पात्याने बरणी उभी चिरली.

"लोणचं घातल्यागत घातलंय की ह्ये," मामा म्हणाले. मग थांबून, "लोणच्याला तर फोडी तरी करत्यात."

त्या वेळी आम्ही हसलो. पुढे ज्या निष्कर्षाला यायला आम्हाला जवळपास तीन आठवडे लागले, तो मामांनी त्या अर्ध्या मिनिटात सांगून टाकला होता. खार आत मुरावा म्हणून कैरी चिरतात. फॉर्मॅलिनचंही तसंच. ते तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं, खोल जाईल तसं मंदावतं, आणि चरबीत तर आणखीच रेंगाळतं. त्यातून ते मांसाच्या दहापट तरी असायला हवं. इथे अठरा सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर जाड अख्खा स्तन, एकही काप न दिलेला, आणि बरणीत फॉर्मॅलिन जेमतेम बुडेल इतकं.

ग्रॉसिंगच्या (नमुना कापून तुकडे निवडायच्या) टेबलावर सुरी घातली तेव्हा कडा पांढुरक्या, उकडलेल्या अंड्यासारख्या घट्ट लागल्या. आत मात्र गुलाबी, ओलसर आणि सुरीला चिकटणारं. गाठ नेमकी आत, छातीच्या स्नायूच्या अंगाला. दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने वहीत लिहिलं: 'मध्यभाग नीट फिक्स झालेला नाही.' म्हणजे फॉर्मॅलिन तिथवर मुरलेलं नाही. तिने ते लिहिलं हे तिचं श्रेय. छापील नमुन्यात त्यासाठी जागाच नव्हती, समासात लिहावं लागलं.

अशा वेळी करायचं काय, हे पहिल्या वर्षात शिकवतात. काप करून ताज्या फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तुकडे घ्यायचे. आम्ही ते केलं नाही. दुपारी सर्जनचा फोन आला होता, पेशंट लांबची आहे, लवकर द्या. मंगळवारची यादी आधीच भरलेली होती. गाठीच्या मधोमधचे तुकडे कॅसेटमध्ये घालून संध्याकाळी पाचला मशीनमध्ये लावले. मशीनमध्ये पुढच्या टप्प्याला अल्कोहोल असतं. जे मांस फॉर्मॅलिनने धरलेलं नसतं ते मग अल्कोहोलने आकसून धरलं जातं. साध्या गुलाबी-निळ्या स्लाईडवर फरक फारसा दिसत नाही, पण रिसेप्टरच्या तपासणीत हाच फरक नडतो.

रिपोर्ट

गाठ २.२ सेंटिमीटर. काखेतल्या चौदा गाठी तपासल्या, एकातही आजार नाही. ग्रेड १, म्हणजे पेशी त्यातल्या त्यात शहाण्या, नळ्या करून राहिलेल्या. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू शून्य.

पॅथॉलॉजीबाहेरच्या वाचकासाठी थोडं थांबते. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सना पकडणारी प्रथिनं असतील तर ती ईआर, पीआर पॉझिटिव्ह. मग त्या हार्मोनची वाट अडवणारी साधी गोळी वर्षानुवर्षं देता येते आणि ती चांगलं काम करते. हर-टू हे तिसरं प्रथिन, त्याच्यावर वेगळी औषधं. तिन्ही नसतील तर 'ट्रिपल निगेटिव्ह'. मग गोळीचा रस्ता बंद आणि मुख्य भिस्त केमोवर. तपासणीची पद्धत अशी: मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचा पापुद्रा कापायचा, काचेवर घ्यायचा, गरम बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात) उकळायचा म्हणजे फॉर्मॅलिनने प्रथिनांना घातलेल्या गाठी सैल होतात, आणि मग त्या प्रथिनाला नेमकं चिकटणारी अँटिबॉडी सोडायची. चिकटली तर पेशीचं केंद्रक तपकिरी, नाही तर निळं. उष्णता देऊन गाठी सोडवायची ही युक्ती १९९१ मध्ये आली. आमच्याकडे ते उकळणं अजूनही स्टीलच्या प्रेशर कुकरमध्ये होतं. टेक्निशियन शिट्ट्या मोजतो. देशातल्या कितीतरी प्रयोगशाळांत असाच कुकर आहे आणि नीट वापरला तर तो उत्तम चालतो. त्या दिवशीही चालला होता.

१०० पेशींतली एक जरी तपकिरी झाली तरी ईआर पॉझिटिव्ह म्हणायचं, असा २०१० पासूनचा नियम आहे. २०२० मध्ये त्यात सुधारणा झाली आणि १ ते १० टक्क्यांना 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं नाव मिळालं. इथे एकही पेशी तपकिरी नव्हती. मी सही केली.

ग्रेड १ ची, नळ्या करणारी, सज्जन दिसणारी गाठ ट्रिपल निगेटिव्ह निघते तेव्हा भुवई उंचावली पाहिजे. माझी उंचावली नाही. त्या आठवड्यात टेबलावर किती ट्रे होते ते सांगून उपयोग नाही, ट्रे नेहमीच असतात.

मॅडम, गाठ सोडा

रिपोर्ट जाऊन सतरा दिवस झाले होते. हीच रेसिडेंट तिच्या प्रबंधासाठी स्लाईडी गोळा करत होती. विषय आजच्या घडीचा: साध्या गुलाबी-निळ्या स्लाईडचा डिजिटल फोटो दाखवून संगणकाकडून ईआरचा अंदाज काढून घ्यायचा. जगात यावर बरंच काम झालं आहे आणि काही ठिकाणी अंदाज चांगले येतात. त्यासाठी आधी संगणकाला शिकवावं लागतं, ही पॉझिटिव्ह, ही निगेटिव्ह. शिकवायला उत्तरं कुठली? आमच्या रिपोर्टमधली.

दुपारच्या चहाच्या वेळी ती दोन स्लाईडी घेऊन केबिनमध्ये आली.

"मॅडम, एक मिनिट बघता का?"

"बघितलीय मी ही. निगेटिव्ह आहे."

"गाठ सोडा मॅडम. शेजारची नॉर्मल डक्ट बघा."

बघितलं. निरोगी दूधनलिकेत काही पेशी नेहमीच तपकिरी होतात, भाकरीवरच्या डागांसारख्या, इथे एक, तिथे दोन. त्या बाईला कर्करोग असो वा नसो, हे डाग दिसलेच पाहिजेत. इथे नलिका स्वच्छ निळी, तिच्या शेजारची निळी, कोपऱ्यातलीही निळी.

"कंट्रोल?" मी विचारलं.

"कंट्रोल मस्त चाललाय."

तिथेच मेख होती. कंट्रोल म्हणजे त्याच काचेवर बाजूला लावलेला, खात्रीने पॉझिटिव्ह असलेला तुकडा. तो तपकिरी झाला की कुकर, अँटिबॉडी, टेक्निशियन सगळे पास. पण आमचा कंट्रोल आमच्याच ऑपरेशन थिएटरमधून आलेला, वेळेत कापलेला, वेळेत भिजलेला. त्याने एवढंच सांगितलं की तपासणी नीट झाली. ज्या मांसावर झाली ते मांस उत्तर देण्याच्या अवस्थेत होतं का, हे त्याच मांसातली निरोगी नलिका सांगते. आणि ती तर मुकी होती. अशा स्लाईडवर निगेटिव्ह लिहायचंच नसतं, 'निष्कर्ष काढता येत नाही' असं लिहायचं असतं. मी गाठ बघितली, कंट्रोल बघितला आणि नलिका ओलांडून पुढे गेले.

मग एकेक करून बाकीचे पुरावे वर यायला लागले. जुन्या स्लाईडीवर रक्त साकळलं होतं तिथे काळपट-तपकिरी कण होते. ते तेव्हाही दिसले होते, आणि 'फॉर्मॅलिन पिगमेंट, नेहमीचंच' म्हणून सोडून दिले होते. फॉर्मॅलिन आम्लधर्मी असलं की रक्तातल्या हीमशी त्याची प्रक्रिया होऊन हे कण पडतात. म्हणजे बरणीत बफर नव्हता. समासातलं ते वाक्यही वहीत तसंच होतं.

सुदैवाने चिरलेल्या स्तनाचा उरलेला भाग अजून आमच्या बादलीत होता. रिपोर्टनंतर काही आठवडे तो ठेवायची पद्धत आहे. गाठीची बाहेरची कड धरून नवे तुकडे घेतले, कडेपासून मधल्या भागापर्यंत सलग एक पट्टी येईल असे. ब्लॉक झाले, कुकर चढला. दुसऱ्या दिवशी ती स्लाईड बघायला सगळा विभाग माझ्या खोलीत जमला होता.

इतकी साफ स्लाईड मी पूर्वी पाहिली नव्हती. कडेला गडद तपकिरी, जवळजवळ प्रत्येक केंद्रक रंगलेलं. दोन-तीन मिलिमीटर आत गेलं की फिकट, चहात दूध जास्त झाल्यासारखं. आणखी आत काही पेशी तपकिरी, काही निळ्या. आणि मध्यावर निळंशार. एकच गाठ, एकच बाई, एकच काच. डावीकडून उजवीकडे सरकलं की पॉझिटिव्हची निगेटिव्ह होत जाणारी. फॉर्मॅलिन कुठवर पोचलं होतं याचा तो नकाशाच होता. आणि पहिल्या वेळी आम्ही तुकडे घेतले होते ते बरोबर मधोमध.

खात्रीसाठी आणखी एक वाट होती. ऑपरेशनच्या आधी शहरातल्या दुसऱ्या एका लॅबमध्ये सुई घालून गाठीचा बारीक तुकडा काढला होता. तेव्हा कर्करोग आहे एवढंच पाहिलं होतं, खर्च नको म्हणून रिसेप्टर केले नव्हते. मुलाने तो ब्लॉक आणून दिला. दाभणाएवढा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडला की तासाभरात सगळीकडून भिजतो. त्यावर ईआरचे आठपैकी आठ गुण, पीआरही पॉझिटिव्ह, हर-टू एक प्लस.

हर-टूच्या त्या एक प्लसला पूर्वी कुणी विचारत नव्हतं, शून्य काय नि एक काय. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटिकान या औषधाचा पसरलेल्या कर्करोगावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि 'हर-टू लो' ही नवी वर्गवारी उपचारात आली. औषध आमच्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे ते सोडा, पण शून्य आणि एक यांतलं अंतर आता मोजावं लागतं, आणि ते अंतर एका बरणीत बुडू शकतं.

रेसिडेंटला त्या रात्री वाचताना न्यूफाउंडलँड सापडलं. कॅनडाच्या या प्रांतात १९९७ ते २००५ या काळात ईआर निगेटिव्ह म्हणून दिलेले रिपोर्ट पुन्हा तपासले, तेव्हा चारशेच्या आसपास रुग्णांचे निष्कर्ष चुकीचे निघाले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांचा चौकशी आयोग बसला, २००९ मध्ये अहवाल आला. कारण एक नव्हतं, पण तिथेही फिक्सेशन आणि दुर्लक्षिलेले कंट्रोल यादीत होते. श्रीमंत देशात, मोठ्या रुग्णालयात. हे वाचून मला धीर आला की भीती वाटली, ते नीटसं सांगता येत नाही.

'आदीचं चार दिस'

सुधारित रिपोर्ट द्यायचा हे ठरायला वेळ लागला नाही, त्याला काय म्हणायचं यावर मात्र दोन दिवस गेले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, 'अतिरिक्त तपासणीचा अहवाल' लिहा, काम होतं आणि बोभाटा होत नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण 'अतिरिक्त' म्हटलं की पहिला बरोबर ठरतो. विभागप्रमुखांनी 'सुधारित' हाच शब्द ठेवला, पहिला रिपोर्ट रद्द आणि का रद्द ते चार ओळींत. मी सही केली तेव्हा हात जरा जड होता.

तोवर एक केमो होऊन गेली होती. कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी फोनवर सांगितलं, मग प्रत्यक्ष भेटले. त्यांनी सगळं पुन्हा मांडलं: वय साठीकडे, पाळी जाऊन बरीच वर्षं, काखेत आजार नाही, ग्रेड १. उरलेली केमो थांबवायची आणि लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोनची वाट अडवणारी, रोज एक गोळी, किमान पाच वर्षं, असं त्यांनी ठरवलं. रुग्णाला कारण मी सांगावं असं मीच म्हटलं.

मावशी डोक्याला स्कार्फ बांधून आल्या होत्या, वर पदर. मुलगा सोबत. मी जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं, की तपासणीत चूक झाली, त्यात आमचीही चूक आहे. मावशींनी ऐकून घेतलं.

"केसाचं काय न्हाई वो, ते येतील परत. पन ते औषद चढवल्यावर मी चार दिस जेवलो न्हाई. नुसतं पानी पीत पडलो."

(आमची रेसिडेंट बाहेरची. 'जेवलो', 'पडलो' ऐकून पहिल्या वर्षी ती गोंधळायची. कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, माझी आजीही बोलायची.)

मुलगा खाली बघत म्हणाला, "म्हंजे आदीचं चार दिस फुकट गेलं म्हना."

याला उत्तर नव्हतं. मी 'हो' म्हटलं.

थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, नेमकं काय बिघडलं. मी वेळेचं सांगितलं, की काढल्यापासून औषधात पडेपर्यंत किती वेळ गेला, ते आत मुरलं का, हे आम्हाला कळतच नाही. तो गावातल्या संस्थेला दोन म्हशींचं दूध घालतो. म्हणाला, "मॅडम, आमच्या दुधाला फॅट किती लागली, कवा घातलं, सगळं स्लिपवर येतंय. टायमाला गाडी येती. उशीर झाला तर नासलं म्हनून परत लावत्यात. आईचं एवढं काढलं, त्येला चिठ्ठी बी नव्हती."

त्याला रागच आला होता आणि तो रास्त होता. मी मात्र त्या बोलण्यातली स्लिप उचलली.

एकाला नऊ

पुढच्या आठवड्यात रेसिडेंट आणि मी त्या रुग्णालयात गेलो. जाब विचारायला गेलो नव्हतो, तसं आधी फोनवर स्पष्ट केलं होतं, तरी पहिली दहा मिनिटं अवघडच गेली. "इतकी वर्षं पाठवतोय, कधी तक्रार आली नाही," सर्जन म्हणाले. खरं होतं. आम्ही कधी तक्रार केलीच नव्हती. अर्धवट भिजलेलं मांस यायचं, आम्ही चरफडत कापायचो आणि रिपोर्ट द्यायचो.

मग थिएटरच्या सिस्टरांनी सगळं उलगडून सांगितलं. स्तन काढला की तो ट्रेमध्ये ठेवून बाहेर नातेवाइकांना दाखवतात, सगळीकडेच दाखवतात. मग टाके घालेपर्यंत ट्रे बाजूला. त्या दिवशी मोठं भांडं नव्हतं, म्हणून मुलाला बाजारात पिटाळलं. शनिवारची दुपार, पाऊस, अर्धी दुकानं बंद. तो बरणी घेऊन आला तोवर किती वाजले होते? सिस्टर आठवून म्हणाल्या, "चहा झालावता." म्हणजे काढल्यापासून तीनेक तास. नियम एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये घालायचा आहे.

फॉर्मॅलिन कोपऱ्यातल्या कॅनमध्ये होतं. बाजारात मिळतं ते तीव्र, ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचं. "एक डबा औषध, नऊ डबे पाणी," सिस्टर म्हणाल्या. प्रमाण बरोबर होतं, पाणी नळाचं, बफर नाही. ते काळे कण इथले. कॅनच्या तळाला पांढरा साका बसला होता. गारव्यात, जास्त दिवस ठेवलं की फॉर्माल्डिहाइडचे रेणू एकमेकांना धरून खाली बसतात आणि वरचं द्रावण पातळ होतं. म्हणजे एकाला नऊ करतानाच तो 'एक' पुरता एक नव्हता.

परतताना रेसिडेंटने विचारलं, हे शोधलं कुणी? १८९३ मध्ये फ्रँकफर्टचा फर्डिनांड ब्लूम नावाचा डॉक्टर जंतुनाशक म्हणून फॉर्मॅलिन तपासत होता. त्याच्या स्वतःच्या बोटांची कातडी ताठ झाली आणि त्याला वाटलं, हे मांस टिकवायला चालेल. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपण त्याच बाटलीवर जगतोय, मी म्हटलं, आणि अजून ती नीट भरता येत नाही.

सर्जनांनी निघताना एक नेमका प्रश्न विचारला होता: "मी काप दिला तर तुमची मार्जिन बिघडणार नाही का?" प्रश्न योग्य होता. गाठ कडेपासून किती लांब आहे ते आम्हाला मोजायचं असतं आणि अंदाधुंद चिरलं तर ते मोजता येत नाही. ठरलं असं: मागच्या, स्नायूकडच्या बाजूने गाठीतून एकच सरळ काप, आरपार नाही, आणि कापात गॉजची घडी, म्हणजे फॉर्मॅलिनला वाट मिळते. आणि शक्य तिथे रिसेप्टर ऑपरेशनआधीच्या सुईच्या तुकड्यावरच करायचे.

बाकीचं आम्ही घेतलं. रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या पाच लिटरच्या बादल्या, आमच्याकडे बनवलेल्या बफर्ड फॉर्मॅलिनने अर्ध्या भरलेल्या. लिटरला १०० मिलिलिटर तीव्र फॉर्मॅलिन, ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. ही कृती प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे आणि खर्च किरकोळ. वीस वर्षांपूर्वीही करता आलं असतं. बादलीच्या झाकणाला एक चिठ्ठी: स्तन काढल्याची वेळ, फॉर्मॅलिनमध्ये घातल्याची वेळ, काप दिला का, कुणी भरलं. आमच्या खिडकीवर तिसरी वेळ पडते, पोचल्याची. फॉर्मॅलिनमध्ये सहा तासांहून कमी किंवा बहात्तर तासांहून जास्त राहिलेल्या मांसाचा निगेटिव्ह आता तसाच बाहेर जात नाही. मामा त्या चिठ्ठीला 'फॅटची स्लिप' म्हणतात आणि आता सगळेच तसं म्हणायला लागले आहेत.

आमच्या विभागातही एक नियम बदलला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. निगेटिव्ह ईआरवर सही करण्याआधी नॉर्मल नलिका दिसली का आणि रंगली का, हे रिपोर्टात लिहावंच लागतं. रकाना रिकामा असेल तर संगणक प्रिंट देत नाही. मी स्वतः दोनदा त्यात अडकले आहे.

प्रबंध

रेसिडेंटने विषय बदलायचा म्हटल्यावर पहिली प्रतिक्रिया नापसंतीची होती. फिक्सेशन? जुनाट विषय, कोण छापणार? संगणकवाल्या विषयाला तक्त्यात भाव असतो, हे मलाही ठाऊक होतं. तिचं उत्तर बिनतोड होतं: "मॅडम, चुकीची उत्तरं देऊन मशीनला शिकवलं असतं तर त्याने आपली चूक जास्त वेगाने केली असती." प्रबंधाचा सारांश नव्याने गेला, नैतिकता समितीकडून मंजूर होऊन आला. आता ती एकाच रुग्णाचा सुईचा तुकडा आणि ऑपरेशनचा नमुना शेजारी ठेवून रिसेप्टर जुळतात का ते बघते, आणि चिठ्ठीवरच्या वेळांशी ताडते. काम चालू आहे, आकडे तिचे ती मांडेल.

भारतातल्या स्तनाच्या कर्करोगात ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण तीसेक टक्के सापडतं, पाश्चात्त्य देशांच्या जवळपास दुप्पट. आपल्या बायकांना हा आजार तरुण वयात होतो, उशिरा कळतो, जीवशास्त्रही काही वेगळं असेल, ही कारणं खरीच आहेत. पण त्या तीस टक्क्यांत काही बरण्याही असाव्यात, हे आता माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्याच जुन्या सह्यांमधल्या किती, ते बघायला आम्ही मागच्या ट्रिपल निगेटिव्ह ब्लॉकचे गठ्ठे कपाटातून काढले आहेत. ग्रेड १ वाले सगळ्यात वर.

सगळं सुरळीत झालं आहे असं नाही. शनिवारचा प्रश्न तसाच आहे. दोन ठिकाणांहून अजून बरण्याच येतात, एकातून तर चिठ्ठी फॉर्मॅलिनमध्येच बुडवून आली. पुराच्या दिवसांत रस्ते बंद झाले की बहात्तर तासांचा हिशोब कोलमडतो, २०१९ आणि २०२१ ला महामार्गच पाण्याखाली होता. तक्त्यात मी या सगळ्यासाठी 'गुणवत्ता उपक्रम: १' एवढं लिहिलं.

गेल्या सोमवारी त्याच रुग्णालयातून बादली आली. स्तनाला मागून सरळ एक काप, आत गॉज, फॉर्मॅलिन भरपूर, कापला तर आतपर्यंत एकसारखा पांढुरका. चिठ्ठीवर सही होती, काप दिल्याची खूण होती, वेळेच्या दोन्ही जागा कोऱ्या. रेसिडेंटने लगेच फोन लावला.

"सिस्टर, टाइम नाही लिहिलात?"

"थिएटरातलं घड्याळ बंद हाय वो मॅडम. सेल संपलाय."

मामा बुधवारी त्या बाजूला लग्नाला जाणार होते. त्यांच्याकडे दोन सेल दिले.